कथलाच्या गोळ्यांचा हिवाळा

काल दुपारी आमच्या सपरीत रेडिओ दुरुस्त करणारा माणूस येऊन बसला होता. ओसरीला आमच्या भागात सपरी म्हणतात. त्यानं रेडिओची पाठ उघडून मांडीवर घेतली, तापवलेली सळई राळेच्या खड्याला टेकवली, आणि चांदीसारखा लकाकणारा एक थेंब तारेच्या टोकावर क्षणभर थरथरून तिथंच थिजला. निळसर धुराची बारीक रेघ वर चढली. मी आत तांदूळ निवडत होते. तो वास माजघरापर्यंत आला आणि माझी बोटं सुपात थांबली. वितळलेलं शिसं, त्यात मुरलेलं कथील, आणि कडेला जळणारी राळ. कितीतरी वर्षांत हा वास मला भेटला नव्हता. काही वास आठवण आणून देतात. हा वास मला उचलून थेट एका हिवाळ्यात नेऊन ठेवतो, जिथं गावातल्या सगळ्या दारांना आतून अडसर घातलेले आहेत आणि अंगणात ऊन पडलेलं असूनही माणूस नाही.

लढाईचे दिवस होते ते. लढाई फार दूर, समुद्रापलीकडे चालली होती. पण तिच्यापायी गोंदियाच्या स्टेशनावर गाड्यांमागून गाड्या लागत होत्या आणि तिथं नोकरीला असलेल्या माझ्या नवऱ्याला रजा मिळत नव्हती. लग्न होऊन मी आमच्याच भागातल्या प्रतापगडाच्या पायथ्याकडच्या या गावात आले, तेव्हा धान कापून झालं की मला गोंदियाला न्यायचं असं ठरलं होतं. धान कापलं गेलं, मळणी झाली, धान साठवायच्या बांबूच्या ढोल्या गळ्यापर्यंत भरल्या, तरी मी होते तिथंच होते. माहेरी माझे वडील वैद्य. भंडाऱ्याच्या घरात मी लहानपणापासून त्यांच्याजवळ बसून चूर्णं तोलली होती, पुड्या बांधल्या होत्या, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलले होते. इथं स्वयंपाकघर, माजघर आणि मागची वाडी एवढंच माझं जग. वाडीला बांबूच्या ताट्यांचं कुंपण होतं. त्याच्या फटीतून बोडीची पाळ दिसे. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं लहानसं तळं. पाळीवर मोहाची झाडं, पाळीपलीकडे कापणी झालेल्या रिकाम्या बांध्या, आणि त्यांच्याही पलीकडे निळा डोंगर. सपरीत पुरुष बसत. सुनेनं तिथं जायचं नाही, सासऱ्यांसमोर बोलायचं नाही, काही सांगायचंच झालं तर दाराआडून, सासूबाईंच्या तोंडून. माझा कुणी छळ करत नव्हतं. हे मुद्दाम सांगितलं पाहिजे, कारण छळ असता तर निदान रडायला कारण मिळालं असतं. पोटभर जेवण होतं, अंगभर लुगडं होतं, आणि दिवस उजाडायच्या आधीच मला ठाऊक असे की तो कसा मावळणार आहे.

मग बिबट आला. आधी शेळ्या गेल्या, कुत्री गेली. तेवढ्याची गावाला सवय होती. पण मार्गशीर्षात आमच्याकडे धान कांडायला येणारी बाई दिवेलागणीला बोडीवर हातपाय धुवायला गेली, ती परत आली नाही. मोठ्या आवाजाची, हसरी बाई होती. मुसळाच्या ठोक्यावर ती गाणं म्हणायची आणि मधेच थांबून मला विचारायची, "काऊन वो सूनबाई, अशी गप्प काऊन राहतेस? मायची याद येऊन राहिली का?" मला असं विचारणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. सकाळी तिचं लुगडं पाळीपलीकडे सापडलं. बाकी जे सापडलं ते पुरुषांनी बायकांना सांगितलं नाही. पुढे शेजारच्या गावचा एक गुराखी गेला. त्यानंतर दिवस कलायच्या आत दारं लागू लागली. कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर गाड्या चालेनाशा झाल्या, आठवडी बाजार ओस पडला, आणि मला गोंदियाला पोचवण्याची गोष्ट कुणी काढेना. बाहेर जायचंच तर लोक टोळीनं, डबे वाजवत जात. पुरुष सपरीतून अंगणात आणि अंगणातून सपरीत फेऱ्या मारत. कोंडून राहण्याची त्यांच्या अंगाला सवय नव्हती. मला होती. दाराच्या फटीतून मी त्यांच्याकडे बघे आणि मनात येई, आता यांना कळेल.

परवान्याचं हत्यार गावात एकच होतं, माझ्या सासऱ्यांचं. त्यांना मी मामाजी म्हणे, म्हणजे मनात म्हणे. तोंडानं म्हणायची वेळ आली नव्हती. उंच, सावळे, कमी बोलणारे. गावची मालगुजारी त्यांच्याकडे होती आणि तरुणपणी शिकारीचा नाद होता. रायफल अमेरिकन बनावटीची. घोड्याखाली बोटं अडकवायची लोखंडी कडी होती. ती खाली ओढून वर घेतली की वापरलेली पितळी पुंगळी बाहेर उडे आणि नवं काडतूस आत बसे. पण मामाजींच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. त्या डोळ्याला माणूस म्हणजे नुसती सावली. डावा डोळा जवळचं धूसर पण लांबचं नीट बघे. म्हणजे जन्मभर उजव्या खांद्याला लावलेली रायफल आता डाव्या खांद्याला लावायची. कडी मधोमध असल्यामुळे रायफलीची त्याला हरकत नव्हती. मान, हात, श्वास यांना मात्र सगळं नव्यानं शिकवावं लागणार होतं, आणि त्यासाठी रोज गोळ्या उडवायला हव्या होत्या.

अडचण तिथंच होती. शिकारीची काडतुसं मामाजी स्वतः भरत. जपून ठेवलेल्या पुंगळीच्या बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मापानं दारू घालायची आणि वर तांब्याचं कवच असलेली गोळी दाबून बसवायची. दारू आणि टोप्या पेटीत पुरेशा होत्या. तांब्याच्या गोळ्या मात्र नागपूरहून येत, आणि लढाई सुरू झाल्यापासून त्या येणं बंद झालं होतं. उरलेल्या मूठभर त्यांनी भरून, कापडात बांधून आतल्या खोलीतल्या पेटीत ठेवल्या होत्या. त्या पेटीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला असे; त्यांना मी आत्याबाई म्हणे. सरावाला स्वस्तातली, घरी करता येईल अशी गोळी हवी होती. पण वाटेल ती चालणार नव्हती. सरावाची गोळी एकीकडे लागली आणि शिकारीची दुसरीकडे, तर हाताला खोटंच वळण पडलं असतं. तीच नळी, तोच नेम, आणि गोळी तांब्याचीच असल्यासारखी त्याच जागी जाऊन लागली पाहिजे.

आधी त्यांनी नुसतं शिसं वितळवून साच्यात ओतलं. त्या गोळ्या मऊ निघाल्या. थोड्या उडवल्या की नळीच्या आतल्या आट्यांत शिशाचा लेप बसे आणि पुढच्या गोळ्या भरकटत. दारू कमी केली तर लेप बसेना, पण गोळी वीतभर खाली लागे. घरच्या गड्यानं कुठून तरी टोकदार गोळ्यांचा साचा आणून दिला, तो मामाजींनी हातात फिरवून परत केला. "या रायफलीत काडतुसं नळीखाली एकामागं एक राहतात गा," ते म्हणाले. "मागच्याचं टोक पुढच्याच्या टोपीवर. टोकदार घातली तं धक्क्यानं हातातच फुटंल. आपली बोथटच बरी." मग शिशाला कडक करायला कथील घालायचं ठरलं. कल्हईवाला येईल तेव्हासाठी सासूबाईंनी कथलाची कांडी जपून ठेवली होती. "भांड्याइले कल्हई नाई आन बंदुकीले कल्हई करून राहिले," असं म्हणत त्यांनी ती काढून दिली.

पण कथील शिशाहून हलकं. जितकं कथील जास्त, तितकी गोळी कडक आणि तितकीच हलकी. तांब्याची गोळी तोळ्याला थोडी कमी भरे. तिच्या वजनाशी गुंजभर फरकही चालणार नव्हता. तराजूचा बारीक काटा मामाजींना दिसेना. गडी उन्हं उतरायच्या आत आपल्या घरी पळे. एका संध्याकाळी मी दाराआड उभी होते आणि सासूबाई सपरीकडे तोंड करून म्हणाल्या, "सूनबाईचा बाप वैद्य आहे. तिले काटा समजते. बोलावू का?" पलीकडे शेगडीवर पळी ठेवल्याचा आवाज झाला. मग मामाजींचा आवाज आला, "बोलाव."

तो उंबरठा मी पहिल्यांदा ओलांडला. पदर कपाळापर्यंत ओढून, खाली मान घालून मी तराजूसमोर बसले. शेगडीवर लोखंडी पळीत शिसं आरशासारखं चकाकत होतं. मामाजी ते साच्यात ओतत, साचा उघडून गोळी फडक्यावर टाकत. ती थंड झाली की मी पारड्यात घेई, दुसऱ्या पारड्यात तांब्याची नमुन्याची गोळी आणि गुंजा. सुरुवातीला मी सासूबाईंच्या कानात सांगे आणि त्या मोठ्यानं सांगत. "थोडी हलकी म्हणते." "ही बरोबर म्हणते." दोन-तीन दिवसांत त्या या दूतपणाला कंटाळल्या. चुलीवर भाजी लागत होती. त्या उठून आत गेल्या, पारड्यात गोळी तशीच, आणि मामाजी वाट बघत बसलेले. मी आतल्या दाराकडे पाहिलं. मग माझ्याच तोंडून आवाज निघाला, "मामाजी, ही हलकी आहे." त्यांनी मान वर केली नाही. "कथील जास्त पडलं असंल," एवढंच म्हणाले आणि पळीत शिशाचा तुकडा टाकला. एवढंच. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मी ते वाक्य मनात परत परत म्हणून पाहिलं, नवी बांगडी घातल्यावर हात हलवून पाहावा तसं.

जुळलेल्या गोळ्यांना मी मधाच्या पोळ्याचं मेण आणि मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल एकत्र करून चोळे. मग सकाळी, धुकं निवळून ऊन वर आलं की आम्ही पाळीवर जाऊ. पुढे भाला घेतलेला गडी, मग मामाजी, आणि मागे टोपली नि चाळणी घेतलेली मी. मला न्यायचं कारण साधं होतं. पाळीच्या मातीत शिरलेल्या गोळ्या उकरून, चाळून परत आणायच्या होत्या. शिसंही आता मिळत नव्हतं. जुन्या सुपाला चुना फासून, मधे कोळशानं ठिपका काढून ते पाळीला टेकवलेलं असे. मामाजी मांडी घालून बसत, डाव्या खांद्याला रायफल लावत. पहिल्या दिवसांत त्यांची मान जुन्या सवयीनं उजवीकडे जाई आणि ते चिडून रायफल खाली ठेवत. बार झाला की बोडीवरचे बगळे एकदम उठत. मी मातीत हात घालून बसे. गरम गोळी बोटांना लागे. त्या मातीला पाण्याचा, गवताच्या मुळांचा वास होता. मान वर केली की कुंपणाची फट मधे न येता अख्खा डोंगर दिसे. याच पाळीपलीकडे त्या बाईचं लुगडं सापडलं होतं, हे मी विसरले नव्हते. भीती होतीच. पण भीतीच्या बरोबरीनं छातीत आणखी काही होतं, त्याला मी तेव्हा नाव दिलं नाही.

कथलाचं प्रमाण सापडलं, वजन जुळलं, तरी गोळ्या दोन बोटं खाली लागत. मामाजींनी दारू किंचित वाढवली, पुन्हा किंचित कमी केली. एका सकाळी त्यांनी आधी कथलाच्या गोळ्या उडवल्या आणि मग पेटीतली तांब्याची एक, एकच. मी सुपाजवळ जाऊन पाहिलं. सगळी भोकं माझ्या तळव्याखाली झाकली गेली, आणि तांब्याचं त्यांच्या मधोमध होतं. मी तळवा तसाच सुपावर ठेवून वळले. मामाजींनी लांबून तो पाहिला आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

त्यानंतर फार दिवस गेले नसतील. सकाळचं दाट धुकं होतं. सासूबाई गाईचं दूध काढायला वाडीतून गोठ्याकडे गेल्या. मामाजी आणि मी सपरीत पाळीवर निघायच्या तयारीत होतो. रायफल सरावाच्या गोळ्यांनी भरलेली होती. गाय ओरडली. पाठोपाठ लाकडी दार आपटल्याचा आवाज, आणि मग सासूबाईंचा दबलेला आवाज, "कोठ्यात आहे तो. कोणी बाहेर येऊ नोका." बिबट छपराचे कवेलू सरकवून गोठ्यात उतरला होता आणि वासरू मारून तिथंच बसला होता. सासूबाई त्याला पाहताच गोठ्याला लागून असलेल्या ढोल्यांच्या खोलीत शिरल्या होत्या. दोघांच्या मधे एक फळ्यांची भिंत, तीही वाळवीनं खाल्लेली. त्या खोलीला दुसरं दार नव्हतं.

मामाजी मागच्या दाराशी आले. मी त्यांच्या मागे. त्यांनी विचारलं, "आत कोणत्या आहेत?"

"कथलाच्या."

"तांब्याच्या आण."

"किल्ली आत्याबाईंच्या कमरेला आहे, मामाजी."

त्यांनी गोठ्याकडे पाहिलं. नंतर म्हणाले, "ही गोळी कडक आहे. आत जाऊन फुलत नाई, आरपार जाते. खांद्यात नाई बसली तं जखमी होईल, आन मंग भिंत फोडंल." त्यांचा हात रायफलीवर होता, पण तो उचलत नव्हता. फळ्यांमागून सासूबाई रामनाम घेत होत्या, अगदी हळू.

"त्याच जागी लागतात," मी म्हणाले. "मी एकेक तोललेली आहे. तुम्ही पाहिलं ना सूप."

त्यांनी रायफल डाव्या खांद्याला लावली. धुक्यात गोठ्याचं तोंड काळं दिसत होतं. "मले आतलं दिसत नाई," ते पुटपुटले. "तू सांग."

मी त्यांच्या खांद्याशेजारी वाकले. वासराचा पांढरा पाय दिसला, मग त्याच्यावर हलणारं काहीतरी. "डावीकडच्या खुंट्याजवळ आहे. मान खाली आहे." पुढे, "उठला." आणि मग तो फळ्यांच्या भिंतीकडे तोंड करून आडवा उभा राहिला, आतला आवाज त्यानं ऐकला असावा. "आता आडवा आहे. खुंट्याच्या वर हातभर, तिथं खांदा." बार झाला. कडी खाली गेली, वर आली. गोठ्यातून एक पिवळा लोळ थेट आमच्याकडे निघाला आणि दुसऱ्या बाराला वांग्यांच्या वाफ्यात कोसळला. शेपटी हलत होती. मामाजींनी तिसरी झाडली, आणि शेपटी थांबली.

ढोल्यांच्या खोलीचं दार उघडलं. सासूबाईंचे केस धानाच्या कोंड्यानं पांढरे झाले होते. त्यांनी बिबट पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. माझा पदर खांद्यावर पडला होता आणि मी सासऱ्यांच्या शेजारी उघड्या डोक्यानं उभी होते. त्या वाफा तुडवत आधी माझ्याकडे आल्या. त्यांनी पदर उचलून माझ्या डोक्यावर घेतला, कपाळापर्यंत ओढला, आणि क्षणभर माझे दोन्ही गाल धरून ठेवले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आतमंदी जा, बाई," त्या म्हणाल्या. "आता लोक येतीन."

लोक आले. पंचक्रोशीतून आले, ढोल वाजले, बिबट बांबूला बांधून गावभर फिरवला. मी खिडकीच्या गजांतून फक्त माणसांच्या पाठी पाहिल्या. दुसऱ्या दिवशी दारं सताड उघडी राहिली, गाड्या जुंपल्या गेल्या, बाजार भरला. शेगडी परत स्वयंपाकघरात आली. मी काही सकाळी सपरीच्या दाराआड उगाच थांबून पाहिलं. कुणी बोलावलं नाही. कुणी नकोही म्हटलं नाही. गाव मोकळं झालं होतं आणि मी परत होते तिथं आले होते.

होळीनंतर नवरा आला आणि मला गोंदियाला घेऊन गेला. एका खोलीचं घर, उंच भिंतीचं अंगण. पलीकडे दिवसभर गाड्या शिट्ट्या देत निघत, आणि मला त्यांचे फक्त आवाज आणि धूर मिळे. लढाई संपली त्या सुमाराला मामाजींचा डावा डोळाही गेला आणि त्यांची सेवा करायला मी गावी परतले. रायफल तोवर दुसऱ्या कुणाच्या नावावर गेली होती. ते खाटेवर पडून असत. मला पावलांवरून ओळखत. आता माझ्याशी बोलताना मधे दार नव्हतं. आंधळ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसासमोर कुणी सुनेला पदर विचारत नाही.

एकदा मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी माझा हात थांबवला. "तो मेला, त्याच्यानंतर तुले परत बोलवाले पायजे होतं मी," ते म्हणाले. "सकारी सकारी मनात येत होतं. तू दाराआड उभी राहत होतीस, मले आयकू येत होतं."

"मग काऊन नाही बोलावलं, मामाजी?"

त्यांनी विझलेले डोळे आढ्याकडे लावले. "कायले म्हणून बोलावू? काम संपलं होतं."

मी पेज भरवत राहिले. मला राग आला नाही. इतक्या वर्षांनी कळलं की त्या दाराच्या दोन्ही बाजूंना माणूस उभं होतं. घराचा मालक होता तोही, आणि सुनेला नुसतं ये म्हणायला त्याच्याजवळ शब्द नव्हता, कारणच लागत होतं. पुढच्या पावसाळ्याआधी ते गेले. देश स्वतंत्र झाल्याचा झेंडा गावात चढला तो त्यांनी पाहिला नाही. मी पाहिला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून.

आता काळ खूप बदलला. माझ्या नाती सायकलवरून शाळेत जातात आणि परत यायला उशीर झाला तर मीच त्यांना रागावते. घरात कधी त्या हिवाळ्याची गोष्ट निघते, तेव्हा ती भयाची गोष्ट म्हणून निघते: गाव कसं कोंडलं होतं, माणसं कशी दारात पाऊल टाकत नव्हती. सगळे माझ्याकडे बघतात, कारण ते पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे. मी मान हलवते, हो म्हणते, फार वाईट दिवस होते. ते खरंच आहे. फक्त मी हे सांगत नाही की त्या दिवसांत रोज सकाळी मला कुणीतरी बाहेर यायला सांगत होतं.